आधी माणसे, मग इमारत

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त वडोदऱ्यात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



व्यासपीठावर उभे राहून बोलायची मला सवय नाही. मी बँकेत क्लार्क आहे, शिक्षण बी.कॉम. दिवसभर काउंटरवर पासबुके, चेक आणि केवायसीचे फॉर्म, हेच माझे जग. साहित्य आणि संस्कृतीवर अधिकाराने बोलावे एवढे माझे वाचन नाही. पण पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याची नोंद कशी ठेवायची, एवढे मला कळते. आज तेवढ्यापुरतेच बोलणार आहे. कलेला आणि भाषेला सार्वजनिक पैसा द्यावा का, आणि द्यायचा तर कसा, हा माझा विषय. त्यासाठी मी आइसलँड या लहानशा देशाचे उदाहरण घेतले आहे.

आइसलँडच का, असे तुम्ही विचाराल. त्याला एक कारण आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मी नोकरीत नवीन होते. पेन्शन घ्यायला येणारे एक काका काउंटरवर आले आणि हळूच म्हणाले, "ताई, तिकडे एका देशाच्या सगळ्या बँका बुडाल्या म्हणे. माझी एफडी मोडू का?" मी त्यांना धीर दिला, एफडी मोडू दिली नाही. पण घरी जाऊन पेपर काढला. खरेच, आइसलँडच्या तीन मोठ्या बँका, ग्लिटनिर, लान्ड्सबांकी आणि कौपथिंग, एका आठवड्यात कोसळल्या होत्या. चलन घसरले, लोकांची कर्जे फुगली, सरकारला नाणेनिधीकडे जावे लागले. तेव्हापासून त्या देशाबद्दल जे छापून येईल ते मी वाचत गेले. सुरुवात बँकांसाठी झाली. पुढे मात्र त्यांच्या पुस्तकांबद्दल आणि वाद्यवृंदाबद्दल वाचताना मला सारखी आपल्या मंडळाची आठवण येऊ लागली.

आधी आकार लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या वडोदरा शहराची लोकसंख्या १६ लाखांच्या वर होती. अख्ख्या आइसलँडची २०२४ च्या सुरुवातीला ३ लाख ८३ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या शहराच्या पाव हिश्शाएवढी. एवढ्या माणसांनी स्वतःच्या भाषेत शाळा, विद्यापीठ, वर्तमानपत्रे, नाटके, सिनेमे आणि पुस्तके चालवायची. शेजारी इंग्रजी आहे, आणि ती मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्येच बसलेली आहे. पूर्वी डॅनिश होती, कारण तो देश कित्येक शतके डेन्मार्कच्या ताब्यात होता. १९१८ मध्ये त्याला वेगळे राज्य म्हणून मान्यता मिळाली आणि १७ जून १९४४ रोजी ते प्रजासत्ताक झाले.

आता जरा हिशेबाकडे येऊ. एक पुस्तक काढायचे आहे असे धरा. लेखकाचे मानधन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, सगळे मिळून एक लाख रुपये खर्च आला. कागद आणि छपाई वेगळी. वाचक दहा हजार असतील तर प्रत्येक प्रतीवर या खर्चाचा बोजा दहा रुपयांचा. वाचक पाचशेच असतील तर तोच बोजा दोनशे रुपयांचा. पुस्तक तेच, कष्ट तेच, प्रूफ तपासणाऱ्याचे डोळे तेवढेच दुखतात. फरक फक्त भागाकाराचा. कॉमर्सला आम्ही याला स्थिर खर्च म्हणत असू.

शब्दकोश घ्या. लहान भाषेचा शब्दकोश लहान असतो का? नाही. समुद्र, मासे, आजार, कायदा, संगणक, सगळ्यांना शब्द लागतातच. लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातली रंगीत चित्रे चार लाखांसाठी काढली काय आणि चार कोटींसाठी काढली काय, चित्रकाराला वेळ तेवढाच लागतो. त्यामुळे "ज्याला मागणी असेल ते टिकेल, नसेल ते जाईल" हा बाजाराचा न्याय लहान समाजाला लावला, तर तिथले काहीच टिकणार नाही. ते वाईट असते म्हणून जाते असे नाही, भागाकार जमत नाही म्हणून जाते. ही गोष्ट आइसलँडच्या लोकांना फार लवकर कळली.

कोणी म्हणेल, त्यांचे काय, ते श्रीमंत आहेत. आज आहेत. पण तिथल्या संसदेने, तिला अल्थिंग म्हणतात, कवींना सरकारी पैशातून मानधन द्यायला सुरुवात केली ती १९ व्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा तो युरोपातल्या अगदी गरीब प्रदेशांपैकी एक होता. थंडी, ज्वालामुखी आणि उपासमारीला कंटाळून लोक मोठ्या संख्येने कॅनडा आणि अमेरिकेला निघून जात होते. त्यांचे राष्ट्रगीत लिहिणारे मात्थियास योकुम्सन हे पाद्री होते. संसदेच्या मानधनामुळे त्यांना पुढे लेखनावर जगता आले. घरात धान्य बेताचे असतानाही त्यांनी कवीसाठी वाटा काढला.

पण सरकारी पैसा म्हटला की राजकारण आलेच. तेही सांगते, कारण फक्त गोड बाजू सांगितली तर तो हिशेब खोटा होईल.

१९४० च्या सुमारास तिथे योनास योन्सन नावाचे एक वजनदार पुढारी होते. कलेच्या सरकारी निधीवर त्यांची पकड होती. आधुनिक चित्रकला त्यांना मुळीच आवडत नसे. १९४२ मध्ये त्यांनी सरकारी पैशाने घेतलेल्या, पण स्वतःला न आवडणाऱ्या चित्रांचे एक प्रदर्शन थेट संसदेच्या इमारतीत भरवले. हेतू हा, की लोकांनी येऊन हसावे आणि म्हणावे, यासाठी का आमचा कर गेला? चित्रकार आणि लेखक एकजुटीने उभे राहिले आणि पुढाऱ्याचा डाव उलटला. ज्या चित्रकारांची टर उडवली, त्यांना आज तो देश आपले मोठे कलावंत मानतो. त्याच काळात कादंबरीकार हॉल्डोर लाक्सनेस यांच्या मानधनालाही कात्री लागली होती. पुढे १९५५ मध्ये त्याच लाक्सनेस यांना साहित्याचे नोबेल मिळाले. एवढ्याशा भाषेतल्या लेखकाला!

यातून त्या लोकांनी एक धडा घेतला. पैसा सरकारने द्यावा, पण कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवू नये. आज तिथे कलावंतांच्या मानधनाचा स्वतंत्र कायदा आहे. लेखक, चित्रकार, नाटकवाले, वादक-गायक, संगीतकार आणि डिझाइनर असे वेगवेगळे निधी. प्रत्येक निधीला तीन जणांची निवड समिती, आणि समितीसाठी नावे सुचवतात त्या त्या कलेच्या संघटना. मोजमाप महिन्यांचे. २०२४ मध्ये एकूण १,६०० महिन्यांचे मानधन होते. त्यातले ५५५ महिने लेखकांना, ४३५ चित्रकार-शिल्पकारांना, आणि बाकीचे इतरांना. कोणाला तीन महिने मिळतात, कोणाला सहा, कोणाला वर्ष. ज्याला वर्षभर किंवा जास्त मिळते, त्याने त्या काळात कायम नोकरी करायची नाही. काम काय केले याचा अहवाल द्यायचा. आणि दरवर्षी कोणाला किती महिने मिळाले, ती यादी नावानिशी जाहीर होते.

आता रक्कम. २०२४ मध्ये महिन्याला ५ लाख ३८ हजार क्रोना. त्या वर्षी एक क्रोना म्हणजे अंदाजे ६० पैसे होते, तेव्हा आपल्याला आकडा मोठा वाटतो. पण तिथली महागाई पाहता ही रक्कम तिथल्या सरासरी पगारापेक्षा बरीच कमी आहे, आणि त्यातूनच कर आणि पेन्शनची वर्गणी कलावंताने स्वतः भरायची. १,६०० गुणिले ५,३८,००० म्हणजे वर्षाला सुमारे ८६ कोटी क्रोना. त्याला लोकसंख्येने भागा. दर माणशी वर्षाला सुमारे २,२४० क्रोना, म्हणजे साडेतेराशे रुपयांच्या आसपास. तिथल्या एका नव्या पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाची किंमत याहून जास्त असते. म्हणजे प्रत्येक नागरिक वर्षाला एका पुस्तकापेक्षाही कमी पैसे देतो, आणि त्यातून त्या देशाच्या लेखनाचा आणि कलेचा पाया उभा राहतो.

मग तिथे भांडणे होत नाहीत का? दरवर्षी होतात. यादी जाहीर झाली की "आमच्या कराच्या पैशावर हे कविता करणार" असे म्हणणारे तिथेही आहेत. २०१६ मध्ये तर मोठा गदारोळ झाला. लेखक संघाच्या कार्यकारिणीतल्या लोकांनाच पूर्ण वर्षाचे मानधन मिळाल्याचे यादीत दिसले, आणि निवड समितीसाठी नावे सुचवणारी कार्यकारिणीही तीच. नियमाविरुद्ध काही झाले नव्हते, पण दिसायला ते बरे दिसत नव्हते. टीका झाली आणि नावे सुचवण्याची पद्धत संघाला बदलावी लागली. मला विचाराल तर हे भांडण त्या व्यवस्थेचे अपयश नाही. यादी छापली म्हणून भांडता आले. ती कपाटात राहिली असती तर कुजबुज झाली असती, आणि कुजबुजीने संस्था जास्त मरतात. आम्हा बँकवाल्यांना ऑडिटर आवडत नाही. पण ऑडिटर येतो म्हणून लोक बँकेत पैसे ठेवतात.

आता इमारतींची गोष्ट, कारण आजच्या भाषणामागचे खरे कारण तेच आहे.

आइसलँडचे राष्ट्रीय नाट्यगृह उभे करण्यासाठी १९२३ मध्ये कायदा करून करमणूक कर लावला गेला. त्या पैशातून १९२० च्या दशकाच्या शेवटी बांधकाम सुरू झाले. मग मंदी आली. संसदेने कराचा पैसा दुसऱ्या कामांकडे वळवला आणि इमारत अर्धवट राहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य आले, त्याने तिचे गोदाम केले. अखेर २० एप्रिल १९५० रोजी पडदा उघडला. नाटकाच्या नावाने गोळा केलेला पैसा नाटकापर्यंत पोचायला पाव शतकाहून जास्त लागले. एका कामासाठी ठेवलेला निधी दुसरीकडे वळवला की काय होते, हे आपल्या खजिनदारांना मी सांगायला नको.

त्याच १९५० मध्ये त्यांचा राष्ट्रीय वाद्यवृंदही स्थापन झाला. पण त्याला स्वतःचे सभागृह नव्हते. १९६१ पासून जवळजवळ ५० वर्षे हा वाद्यवृंद विद्यापीठाच्या सिनेमागृहात वाजवत होता. संध्याकाळी सिम्फनी, बाकी वेळ सिनेमा! तरीही तो थांबला नाही, कारण वादकांचे पगार चालू होते. आणि वादक येत कुठून होते? १९६३ च्या कायद्यापासून गावोगावच्या संगीतशाळांना सार्वजनिक पैसा मिळू लागला. पुढे शिक्षकांचे पगार नगरपालिकांनी द्यायचे आणि बाकीचा खर्च फीमधून, अशी रीत बसली. मासेमारीच्या बंदरगावातही मुलाला व्हायोलिन शिकवणारा पगारी शिक्षक असे. तिथे वाढलेल्या हिल्दुर गुद्नादोत्तिर या बाईंना २०२० मध्ये 'जोकर' चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले. ऑस्करसाठी शाळा काढल्या नव्हत्या. पण शाळा नसत्या तर ऑस्करही नसते.

सभागृहाचा मुहूर्त लागला तो पैशाच्या पुराच्या काळात. राजधानी रेक्याविकच्या बंदरावर 'हार्पा' नावाचे भव्य संगीतगृह बांधायला घेतले. खाजगी कंपनी, आणि पाठीशी लान्ड्सबांकीच्या मालकांचा पैसा. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक बुडाली आणि बंदरावर काँक्रीटचा अर्धवट सांगाडा उरला. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, संसदेसमोर भांडी वाजवून निदर्शने चालू होती. काहींनी तर म्हटले, सांगाडा तसाच राहू द्या, लोभाचे स्मारक म्हणून. फेब्रुवारी २००९ मध्ये शिक्षण आणि संस्कृती मंत्री कात्रीन याकोब्सदोत्तिर आणि रेक्याविकच्या महापौर हाना बिर्ना क्रिस्त्यान्सदोत्तिर या दोघी बायकांनी, पक्ष वेगळे असूनही, काम पुरे करायचे ठरवले. राज्याचा वाटा ५४ टक्के, शहराचा ४६ टक्के. मे २०११ मध्ये पहिली मैफल झाली आणि २०१३ मध्ये त्या इमारतीला युरोपीय संघाचे वास्तुकलेचे पारितोषिक मिळाले. आज परदेशी पाहुणे आधी तीच इमारत पाहायला जातात.

पण हार्पाच्या काचांच्या झगमगाटात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्याच २००९ मध्ये, तिजोरी रिकामी असताना, संसदेने कलावंतांच्या मानधनाचे महिने १,२०० वरून टप्प्याटप्प्याने १,६०० करण्याचा कायदा केला. इमारतीचा निर्णय लोकांना दिसला, या निर्णयाची जगात बातमी झाली नाही. मला मात्र हा निर्णय मोठा वाटतो. हार्पा उघडले तेव्हा आत वाजवायला ६० वर्षांचा वाद्यवृंद तयार होता. समजा उलटे झाले असते. झगमगीत इमारत तयार आणि वादकच नाहीत. मग ते लग्नाचे कार्यालय झाले असते.

मित्रहो, पुस्तकांचेही दोन शब्दांत सांगते. तिथे नाताळला पुस्तक भेट द्यायची जुनी रीत आहे. नव्या पुस्तकांची सूची छापून घरोघरी वाटली जात असे. एवढे असूनही अलीकडच्या काळात पुस्तकांची विक्री खूप घसरली. त्यात २०१५ मध्ये पुस्तकांवरचा कर ७ टक्क्यांवरून ११ टक्के झाला. आरडाओरडा झाल्यावर सरकारने आधी पुस्तके करमुक्त करू म्हटले, मग दुसरा मार्ग काढला. १ जानेवारी २०१९ पासून आइसलँडिक भाषेत पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाला खर्चाचे २५ टक्के सरकार परत देते. बिले दाखवा, पैसे घ्या. पुस्तक कोणते, त्यात कोणावर टीका आहे, हे विचारायचे नाही. वाचनालयातून पुस्तक वाचायला गेले की लेखकाला त्याबद्दल थोडी रक्कम मिळते, तो निधी वेगळा. एवढे करूनही मुले इंग्रजीकडे ओढली जातातच, ती चिंता त्यांना आजही आहे. पैसा दिला म्हणजे भाषा वाचलीच, असे मी म्हणत नाही. पण न देता वाचेल असे म्हणायला माझ्यापाशी एकही उदाहरण नाही.

आता आपल्या घरी येते.

आपण वडोदऱ्याची माणसे. कलेला सरकारी पैसा कसा द्यायचा हे आपल्याला परदेशाकडून शिकायची गरज नाही, असे कोणी म्हणाले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना आणून गावोगाव वाचनालये उभी केली. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली, पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने. सयाजी साहित्यमालेतून मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत पुस्तके निघाली. आपले आजोबा-पणजोबा या शहरात मराठी म्हणून ताठ मानेने जगले, त्यामागे हा राजाश्रय होता.

पण राजाश्रय राजाबरोबर जातो. महाराज १९३९ मध्ये गेले, १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. मग टिकले काय? गायनशाळा टिकली. ती आज विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणून चालू आहे, कारण तिथे शिकवणाऱ्यांच्या पगारी जागा होत्या आणि विद्यापीठाच्या कायद्याने त्या चालू ठेवल्या. जिथे फक्त महाराजांची मर्जी होती ते थांबले, जिथे नियम आणि पगारी माणूस होता ते राहिले. आइसलँड आणि बडोदे, दोन्हीकडे मला हीच एक गोष्ट दिसते.

आता आपल्या मंडळाचे. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. मुदत ठेवीचे व्याज आणि देणग्या मिळून बरी रक्कम हातात आली आहे, आणि सभागृहाला वातानुकूलन, नवी फरशी आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवण्याचा प्रस्ताव आहे. उन्हाळ्यात इथे किती उकडते ते मलाही माहीत आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या काकांनी मंडळासाठी जे केले ते मी कधी करू शकणार नाही. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी विरोधात बोलते आहे.

आपले वाचनालय आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी दोन तास उघडते. तेही एका निवृत्त आजींच्या भरवशावर. त्या आजारी पडल्या की कपाटांना कुलूप. मराठीचा रविवारचा वर्ग शिक्षिका मिळत नाही म्हणून बंद आहे, कारण रिक्षाच्या भाड्याएवढे मानधन आपण देऊ करतो. गेल्या गणेशोत्सवात मुलांची एकांकिका झाली, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालमीच्या वेळी मी मुलांच्या वह्या पाहिल्या. त्यांनी मराठी संवाद गुजराती लिपीत लिहून घेतले होते. माझ्या मुलानेसुद्धा. गुजराती आपलीच आहे, तिच्याशी भांडण नाही. तिने आपल्याला पोट दिले आणि शेजार दिला. पण ज्या मुलांना मराठी वाचताच येणार नाही, त्यांच्यासाठी आपण कोणती फरशी घालतो आहोत?

आपल्याकडे दोन प्रकारचे लोक आहेत. एक म्हणतात, सरकारपुढे हात पसरायचा नाही. दुसरे म्हणतात, सगळे सरकारने करावे. मला दोन्ही पटत नाही. आपण इथे कर भरतो, महापालिकेचा आणि राज्याचाही. घटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे. ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून राज्यांना जबाबदार धरते. मध्य प्रदेशात राज्य शासनाच्या व्यवस्थेत मराठी साहित्य अकादमी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो काही फक्त महाराष्ट्रातल्या मराठीला मिळालेला नाही. तेव्हा मागणे ही भीक नव्हे. पण मागताना आपला ताळेबंद चोख हवा. जो स्वतःच्या पैशाचा हिशेब दाखवू शकत नाही, त्याला दुसऱ्याचा पैसा मागण्याचा अधिकार नाही. बँकेत कर्ज मागायला आलेल्याला आम्ही हेच सांगतो.

म्हणून माझा पर्यायी ठराव असा. पुढची तीन वर्षे उपलब्ध रकमेचा निम्मा भाग माणसांवर खर्च व्हावा. एक अर्धवेळ ग्रंथपाल, एक मराठीची शिक्षिका, आणि दरवर्षी एका नव्या एकांकिकेच्या लेखकाला आणि दिग्दर्शकाला योग्य मानधन. त्यासोबत तीन नियम. पहिला, कोणाला किती दिले ते नावानिशी आपल्याच या पत्रिकेत छापायचे. दुसरा, निवड करणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी त्या वर्षी मानधन घ्यायचे नाही, त्यात मीही आले. तिसरा, वर्षअखेर काम काय झाले याचा एक पानी अहवाल, आणि तो नसेल तर पुढचे मानधन नाही. उरलेल्या निम्म्या रकमेतून पंखे दुरुस्त करा, गळके छत दुरुस्त करा. वातानुकूलन तीन वर्षे थांबेल. नाट्यगृहासाठी आइसलँड पंचवीस वर्षे थांबला, आपण तीन थांबू. आणि या तीन वर्षांचे छापील हिशेब हातात घेऊन महापालिकेकडे आणि राज्याकडे अनुदानाचा अर्ज करू. तो अर्ज लिहायचे काम मी घेते, फॉर्म भरण्यात माझा हात बसलेला आहे.

ठराव पडला तरी मला राग येणार नाही, मी वर्गणी भरतच राहीन. पण हात वर करण्याआधी एकदा वाचनालयाच्या कपाटापाशी जाऊन या. तिथे शेवटच्या नोंदीच्या वहीत पाहा, सोळा वर्षांखालच्या वाचकाने शेवटचे पुस्तक कधी नेले. मी पाहून आले आहे. तारीख मी इथे सांगत नाही, तुम्हीच पाहा आणि मग मत द्या.